मालक माझ्यावर बसले तो दिवस

मित्रांनो, मी जुनी आहे, हे मी आधीच कबूल करते. माझ्या हातांची चकाकी गेली आहे, पाठीवर चामड्याचं ठिगळ आहे आणि दांडा दाबला की मी कुरकुरते. पण म्हणून मला कुणी अडगळ म्हणू नका हं! मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची आहे. चार पायांवर गप्प उभी राहते ती खुर्ची वेगळी आणि मी वेगळी. मी एका पायावर उभी असते आणि गरागरा फिरते. दांडा दाबला की वर जाते, सोडला की सुस्कारा टाकत खाली येते. मोठा साहेब असो की रडका पोरगा, माझ्यावर बसला की त्याला मान खाली घालावीच लागते.

आज मला तुम्हांला एक गोष्ट सांगायची आहे. ती कधीची माझ्या स्प्रिंगांमध्ये उड्या मारते आहे! आमच्या दुकानातली नोकरी दोन माणसांनी सोडली. एकाने अशी सोडली की दुकान कित्येक वर्षं घुमं होऊन बसलं. आणि दुसरीने अशी सोडली की... पण थांबा. मी नेहमी अशीच शेवट आधी सांगून टाकते. पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझा पाय लोखंड ओतून केला, पोटात तेलाचा पंप बसवला आणि वरून लालभडक चामडं ठोकलं. ठोकणाऱ्या कारागिराने मला एक जोरदार गिरकी दिली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "ही बोलकी निघणार!" तो खरं बोलला, ते तुम्ही बघताच आहात. माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही तयार झाली. ती माझ्याहून शांत, पण गिरकी घेण्यात माझ्याहून वरचढ.

आम्हा दोघींना गोणपाटात गुंडाळून ट्रकने दुकानात आणलं. तेव्हा मालक तरुण होते आणि त्यांच्या डोक्यावर भरघोस केस होते. गोणपाट सोडल्यावर त्यांनी एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने बहिणीला फिरवलं आणि लहान मुलासारखे खदखदा हसले. मग भिंतभर पसरलेल्या लांब आरशासमोर आम्हांला शेजारी शेजारी उभं केलं. केवढ्या मिजाशीत होते मी त्या दिवशी!

आता आमच्या दुकानाची रीत सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आमच्याकडे कुणी कुणाशी समोरासमोर बोलत नाही. सगळे आरशातून बोलतात. गिऱ्हाईक आरशातल्या मालकांना विचारतं, मालक आरशातल्या गिऱ्हाइकाला उत्तर देतात. माझ्यापाशी उभा असलेला माणूस बहिणीपाशी उभ्या असलेल्या माणसाला हाक मारतो, तीसुद्धा आरशात बघून. हसणं, चिडवणं, गावभरच्या बातम्या, सगळं काचेतून. हातात कात्री असताना मान वळवायची नाही, हा मालकांचा कायदाच होता. पुढे पुढे त्यांना इतकी सवय झाली की कात्री खाली ठेवल्यावरही ते आरशाशीच बोलायचे.

बहिणीपाशी पैलवान उभा असायचा. हा पैलवान अंगाने काडीसारखा होता, म्हणूनच त्याला ते नाव पडलं होतं. तो मालकांचा पहिला शिष्य. मालकांना 'दादा' म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी दार लावून घेऊन दोघं एकमेकांचे केस कापायचे. कारण जगाचे केस कापणाऱ्याला स्वतःच्या मानेमागचे केस काही कापता येत नाहीत. तेव्हा मालक माझ्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि मान पैलवानाच्या हातात देऊन चक्क घोरायचे. त्यांचं ते वजन मला फार आवडायचं. दुकान ज्याच्या जिवावर चालतं तो माणूस आपल्यावर निवांत झोपला आहे, याहून मोठं सुख खुर्चीला कुठलं?

आणि मग तो दिवस आला. लग्नसराईची सकाळ होती आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "काय हो, गल्लीच्या टोकाला पैलवानाच्या नावाची पाटी लागली म्हणे? अभिनंदन!"

मालकांनी आरशात पैलवानाकडे पाहिलं. पैलवानाने नजर खाली वळवली. सांगणार सांगणार म्हणून तो कित्येक दिवस टाळत होता, आणि बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"माझ्या तोंडावर सांगायला काय झालं होतं?" मालक आरशात ओरडले.

"सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का?" पैलवानही आरशातच ओरडला.

मित्रांनो, ते भांडणसुद्धा काचेतूनच झालं! शब्दाने शब्द वाढला. शेवटी पैलवानाने एप्रन ओरबाडून काढला, माझ्या बहिणीच्या हातावर फेकला आणि ताडताड निघून गेला. बहिणीवर एक गिऱ्हाईक बसलं होतं. त्याची एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर फेस तसाच होता.

मालकांना सगळ्यांत जास्त लागलं ते हेच. "दुकान काढ, दहा काढ," ते पुढे कितीतरी दिवस पुटपुटत. "पण काम अर्धं टाकून जातोस? अर्धं काम टाकून जाणारा माणूस पुन्हा माझ्या उंबऱ्यावर नको." त्यांनी बहिणीवर एक पांढरी चादर टाकली आणि ती तशीच राहू दिली. त्या दिवसापासून ते गल्लीच्या त्या टोकाकडे फिरकले नाहीत. भाजी आणायलाही लांबच्या रस्त्याने वळसा घालून जायचे. स्वतःचे केस ते दोन आरसे धरून स्वतःच कापायला लागले. पुढून बरे दिसायचे, पण मागून पाहिलं तर उंदराने उशी कुरतडल्यासारखं! सांगणार कोण? त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावरच असायचा. आणि माझी बहीण चादरीखाली गंजत होती. मी कुरकुरले तरी तिच्याकडून उत्तर येईना. मला फार रडू यायचं, पण खुर्चीला डोळे कुठले?

बरीच वर्षं अशी गेली. मग एके दिवशी दार धाडकन उघडलं आणि एक मुलगी आत आली. हसू नका, पण तिने स्वतःचे केस स्वतःच कापलेले होते आणि ते चारी दिशांना उभे होते.

"काका, मला शिकवा," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"इथे जागा नाही," मालक आरशात म्हणाले.

"मग ही कोण चादर ओढून झोपली आहे?"

"तिला हात लावायचा नाही!"

"बरं, नाही लावत. या दुसरीवर शिकेन." आणि ती माझ्यामागे येऊन उभी राहिली! काय सांगू, माझा पंप आपोआप वर चढेल की काय असं मला झालं. मालक 'नाही' म्हणायच्या आत तिने झाडू घेऊन केस गोळा करायला सुरुवात केलीसुद्धा. मालकांनी तिचं नाव ठेवलं वादळ. तेच नाव गावात रूढ झालं.

वादळने पहिल्याच आठवड्यात पराक्रम केला. मालक म्हणाले, "डावा कल्ला जरा उचल." ती आरशात बघत होती, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, आणि तिने उजवा उचलला. मग दोन्ही सारखे करायला डावा उचलला. तो जरा जास्त झाला म्हणून परत उजवा. असं करत करत बिचाऱ्या गिऱ्हाइकाचे कल्ले कानांच्या वर पोचले! मालकांनी पाहिलं आणि इतके हसले, इतके हसले की त्यांना माझ्या पाठीचा आधार घ्यावा लागला. पैलवान गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. त्या हसण्यानेच वादळची नोकरी पक्की झाली.

मित्रांनो, मालकांनी तिला हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. केस कुठल्या बाजूने उगवतो आणि कुठे वळतो, हे डोळे मिटून बोटांनी ओळखायला लावलं. वर्षं सरली आणि वादळच्या हाताला अशी काही जादू आली की लोक रांग लावून म्हणायचे, "आम्ही थांबतो, पण तिच्याकडूनच कापून घेऊ." मालकांना याचा कधीही हेवा वाटला नाही. उलट ते मुद्दाम लांबून बघत उभे राहायचे. फक्त एक गोष्ट ते ऐकत नसत.

"काका, एकदा तुमची मान माझ्या ताब्यात द्या. मागे अगदी बघवत नाही."

"माझं मी बघतो."

"मागचं कसं बघणार? तिथे डोळे आहेत का?"

मालक हसून विषय बदलायचे. मला मात्र कारण ठाऊक होतं. एकाच्या हातात मान दिली होती आणि तो निघून गेला होता. आता पुन्हा कुणाच्या हातात द्यायची त्यांना धास्ती होती.

मग आमच्या गावात नाटक कंपनी आली! बाजारामागच्या नाट्यगृहात रोज संध्याकाळी खेळ. एका दुपारी कंपनीतल्या एक वयस्कर बाई आल्या आणि माझ्यावर टेकल्या. त्या राणीचं काम करायच्या. पिशवीतून त्यांनी केसांचा टोप काढला. बिचाऱ्या टोपाचे तीन तेरा झाले होते. "हे कुणाला नीट करता येईल का?" त्यांनी विचारलं.

वादळने तो उचलला आणि तिचे डोळे असे चमकले की काय सांगू! बाईंनी तिला बारीक आकडी दिली आणि जाळीत एकेक केस कसा ओवायचा ते दाखवलं. दुकानाचं काम संपलं की वादळ नाट्यगृहात जायची आणि टोप, दाढ्या, मिशा विणत बसायची. परत आली की माझ्याजवळ कुजबुजायची, "अगं खुर्चीबाई, आज मी एका डोक्यावर म्हातारपण चढवलं आणि दुसऱ्याचं उतरवलं!" मला काही कळायचं नाही, पण तिच्या आनंदाने मी नुसती गिरक्या घेत होते.

शेवटी बाईंनी विचारलंच. "आमच्याबरोबर चल. गावोगाव फिरायचं. कंपनीची सगळी केशभूषा तू बघायची."

त्या दुपारी मालक जेवायला गेले होते. वादळने मला पांढरा कपडा गुंडाळला, जणू मालकच बसले आहेत, आणि समोर उभी राहून सराव करू लागली. "काका, मला तुमच्याशी जरा बोलायचं आहे. काका, समजा एक चिमणी आहे आणि तिचं घरटं... छे! चिमणी काय? काका, तुम्ही रागावणार नसाल तर... रागावणारच ते!" मग ती मटकन माझ्या पायापाशी बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला जायचं आहे गं. खूप जायचं आहे. पण माझं नाव निघालं की काकांनी तोंड फिरवावं, असं मला नको. पैलवानकाकांचं झालं तसं माझं झालं, तर मी कुठेही गेले तरी मला चैन पडणार नाही."

असा पेच होता, मित्रांनो. तिला दोन्ही हवं होतं. पुढचा रस्ताही हवा होता आणि मागचं माणूसही.

शेवटी तिने ठरवलं की दुकान बंद झालं की सांगायचं, सगळ्यांत आधी काकांनाच सांगायचं. बेत चांगला होता. पण त्याच दिवशी दुपारी बँडमास्तर आले!

बँडमास्तरांची मिशी म्हणजे गावाचं भूषण. दोन्ही टोकं वर वळलेली, मेण लावलेली. ते नाटकात वाजवायचे आणि त्या संध्याकाळी मोठा खेळ होता. मालक स्वतः त्यांच्या मिशीची टोकं सारखी करत होते. बारीक कात्री मिशीपाशी होती आणि बँडमास्तर आरशात म्हणाले, "काय मालक, नाट्यगृहात ऐकलं ते खरं का? तुमची वादळ म्हणे..."

तेच पुन्हा! तीच बातमी, तशीच तिसऱ्याच्या तोंडून! मी जिवाच्या आकांताने कुरकुरले. वादळ केस झाडत होती. तिने झाडू फेकला आणि माझ्यासमोर, मालक आणि आरसा यांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"काका, मी नाटक कंपनीबरोबर चालले आहे! मला बोलावलंय आणि मला जायचं आहे, आणि हे तुम्हांला माझ्याकडूनच कळायला हवं!"

आमच्या दुकानात कुणी असं तोंडासमोर उभं राहून बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मालक दचकले. आणि कात्री म्हणाली, कच्च.

बँडमास्तरांची डावी मिशी त्यांच्या मांडीवर पडली.

बँडमास्तर असे किंचाळले की रस्त्यावरची माणसं दारात जमली. "माझी मिशी! संध्याकाळी पहिल्या रांगेत गावातली सगळी मोठी माणसं बसणार! अर्ध्या मिशीने मी बिगुल कसा फुंकू?"

मालक पांढरेफटक पडले. आजवर त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती. आणि आता गावासमोर त्यांचंच काम अर्धं लोंबकळत होतं. "उजवीही काढून टाकू का?" त्यांनी चाचरत विचारलं.

"खबरदार!" बँडमास्तर गरजले.

"काका, हात लावू नका," वादळ म्हणाली. "माझी पिशवी कुठे आहे?" तिने जाळीचा तुकडा काढला, आकडी काढली, टोपाच्या उरलेल्या केसांतून रंगाला रंग जुळवला आणि ती केस ओवायला बसली. एकेक केस. बँडमास्तर माझ्यावर कण्हत पडले होते आणि मी हलायचं नाही म्हणून स्वतःला आवळून धरलं होतं. मालक तिच्यामागे उभे राहून बघत होते. चहा थंड झाला, गिऱ्हाइकं ताटकळली, पण कुणी जागचं हललं नाही. शेवटी तिने ती अर्धी मिशी डिंकाने चिकटवली, मेण लावून टोक वळवलं आणि ती आरशासमोरून बाजूला झाली.

बँडमास्तरांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग जरा लाजत विचारलं, "यातली माझी कुठली?"

अहाहा! दुकानात जो हशा पिकला! माझा जीव भांड्यात पडला. बँडमास्तरांनी संध्याकाळी गाल फुगवून बिगुल वाजवला, तरी मिशी टस की मस झाली नाही.

"हे कुठे शिकलीस?" मालकांनी आरशात विचारलं.

"केस कुठल्या बाजूने वळतो ते तुमच्याकडे शिकले. ओवायचं तेवढं त्यांनी शिकवलं."

मालक म्हणाले, "ठीक आहे." एवढंच! आणि कात्र्या पुसायला लागले. मित्रांनो, रागाचा स्फोट परवडला, पण ते 'ठीक आहे' नको. त्याच्यातून काहीच कळत नाही.

वादळला कळेना की आपल्याला निरोप मिळाला की दारच बंद झालं. पण ती हातावर हात धरून बसली नाही. कंपनी पुढच्या गावी महिनाभर राहणार होती. तिने बाईंना सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे. परतीच्या वाटेवर मला गाडीत घ्या. तोवर माझ्या जागी कुणाला तरी तयार करते. दुकान उघड्यावर टाकून मी येणार नाही." बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली.

जागेसाठी एकच माणूस आला. दणकट, मनगटं अशी की मला धडकीच भरली.

"केस कापलेत का कधी?" मालकांनी विचारलं.

"आयुष्यभर तेच केलंय."

"कुणाचे?"

"मेंढ्यांचे."

वादळ हसू दाबायला दाराबाहेर पळाली. पण त्याचा हात खरोखर स्थिर होता, म्हणून मालकांनी त्याला ठेवून घेतलं. त्याने पहिल्याच गिऱ्हाइकाचं डोकं काखेत घट्ट दाबलं आणि गुडघा माझ्या अंगावर रोवला.

"मामा, सोडा! माणूस पळून जात नाही!" वादळ ओरडली.

"सवय आहे हो ताई. आणि हा पळूच बघतोय की!"

गिऱ्हाईक खरंच पळू बघत होतं. पण तो महिना वादळने जीव तोडून त्याला शिकवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या हाताशी बसवलं. "यांच्या भोवऱ्याकडे लक्ष द्या, यांना कानाशी गुदगुल्या होतात, यांच्याशी गप्पा मारल्या नाहीत तर रुसतात." कुणी म्हणालं, "तू गेल्यावर आम्ही कशाला येऊ?" तर ती दटावायची, "काकांकडे आला नाहीत तर गाठ माझ्याशी आहे!" मालक सगळं बघत होते. कामाचं तेवढं बोलत होते, तेही आरशातून. वादळचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता.

शेवटचा दिवस उजाडला. कंपनीची गाडी दुपारी यायची होती. वादळने आपलं सामान दाराशी ठेवलं, कात्र्या पुसून जागच्या जागी लावल्या, मला धुऊन पुसून लख्ख केलं. मग कपडा झटकला आणि म्हणाली, "काका, बसा."

"माझं मी..."

"बघता, माहीत आहे. महिनाभर तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. ते चालेल. पण असं मागून कुरतडलेलं डोकं घेऊन तुम्ही दारात उभे राहिलात तर माझा पाय निघणार नाही. बसा!"

आणि मालक बसले. माझ्यावर! इतक्या वर्षांनी! मी ओरडले असते, गात सुटले असते, पण गप्प राहिले. त्यांचं वजन थोडं कमी झालं होतं. वादळने कपडा बांधला, मानेवर पाण्याचा फवारा मारला आणि कात्री सुरू केली. मालकांनी डोळे मिटले. मग अचानक उघडले, जमिनीवर पाय रोवला आणि मला आरशाकडे पाठ करून फिरवलं. आता ते थेट तिच्याकडे बघत होते. काच नाही, काही नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी अशी आरशाकडे पाठ करून कधी उभी राहिले नव्हते!

"मला तुझा राग आला नव्हता," ते म्हणाले. "मला भीती वाटली. तू गेलीस की ही खुर्चीही चादरीखाली जाईल असं वाटलं. पण तू महिना थांबलीस, माणूस तयार केलास, एकही काम अर्धं ठेवलं नाहीस. अगं, मला अभिमान वाटतो तुझा. तोंडाने निघत नव्हतं एवढंच."

वादळचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. "पैलवानकाकांचाही अभिमान वाटला होता का?"

मालकांनी मान डोलावली. "वाटला होता. पाटी बघायला एकदा चोरून गेलो होतो. चांगली होती पाटी. तेव्हा मी ओरडलो नसतो, तर तोही काम टाकून गेला नसता."

तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. वादळने कात्री खाली ठेवली. "झालं काका, मी निघते." तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि मला आरशाकडे फिरवलं.

मालकांनी आरशात पाहिलं. डाव्या बाजूला सुरेख कापलेलं डोकं. उजव्या बाजूला तेच जुनं जंगल!

"अगं ए वादळ! हे काय? अर्धंच?"

"आरशाकडे पाठ कुणी केली? मला वाटलं, तुम्ही बघत नाही म्हटल्यावर करावी थोडी गंमत," ती हसत, रडत, नाक पुसत म्हणाली. "उरलेलं अर्धं माझं नाहीच. ते ज्याचं राहिलंय तो बाहेर उभा आहे. मीच सांगून आले होते, कात्री घेऊन या म्हणून."

दारात पैलवान उभा होता. केस पिकलेले, अंग अजून काडीच. उंबऱ्याबाहेरच थबकला होता, हातात कात्री धरून.

मालकांचा चेहरा लाल झाला. मेंढ्यावाला मदतीला धावला. "मालक, मी करू का पूर्ण?" आणि त्याने काख उघडली.

"नको, नको!" मालक ओरडले. अर्ध्या डोक्याने रस्त्यावर जाता येईना आणि मेंढ्यावाल्याच्या काखेतही जाववेना. शेवटी त्यांनी पैलवानाकडे पाहिलं. आरशात नाही. मान वळवून.

"दादा," पैलवान म्हणाला. "तेव्हा अर्धं राहिलं होतं. आता पूर्ण करू का?"

मालकांनी माझ्या पाठीवर मान टेकली आणि डोळे मिटले. पैलवान उंबरा ओलांडून आत आला. बाहेर वादळ गाडीत चढली आणि खिडकीतून दोन्ही हात हलवत ओरडत गेली, "काका, येते! येते हं!" आणि पैलवानाची कात्री चालू झाल्यावर थोड्याच वेळात, मित्रांनो, माझ्यावर घोरण्याचा आवाज आला!

केस कापून झाल्यावर मालकांनी स्वतःच्या हाताने बहिणीवरची चादर ओढली आणि पैलवानाला म्हणाले, "बस. तुझ्याही मानेमागे कोण बघतंय?" बहीण गंजली होती. तेल घालून, ठोकून, हलवून ती एकदाची कर्रर करून फिरली. तो आवाज मला बँडमास्तरांच्या बिगुलापेक्षा गोड वाटला. आता तिच्यापाशी मेंढ्यावाला उभा असतो. गिऱ्हाइकं हल्ली फार धडपडत नाहीत.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुठूनही निघायची वेळ आली तर ज्याला सांगायला हवं त्याला आधी सांगा, समोर उभं राहून सांगा आणि हातातलं काम पूर्ण करून निघा. आणि निघणाऱ्याच्या अंगावर ओरडू नका, त्यालाही जड जातं. शिवाय माझ्या ठिगळात बोटं घालून कापूस उपसू नका, आणि महिन्यातून एकदा तेल घाला. म्हाताऱ्या... नव्हे, जुन्या खुर्चीला तेवढं पुरतं.

आता मला बोलत ठेवू नका, मी आज फार गडबडीत आहे. नाटक कंपनी पुन्हा गावात आली आहे. मालक गेले कित्येक दिवस केसांना कात्री लावू देत नाहीत, डोक्याचं नुसतं जंगल झालं आहे. डावी बाजू वादळची, उजवी पैलवानाची, असं ठरलंच आहे. दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत, पण मालक तेव्हा आरशाकडे पाठ करून बसतात. ऐका, दार धाडकन उघडलं. आली!